नळीचे माप

निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाली, की गावोगावच्या पोलीस ठाण्यांत एक मुकाट कार्यक्रम सुरू होतो. ज्या परवानाधारकांना नोटीस बजावली गेली असेल ते आपापली बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून ठाण्यात घेऊन येतात. अंमलदार परवान्यावरील क्रमांक हत्यारावर ठोकलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतो, काडतुसे मोजतो, पावती लिहून देतो, आणि निकाल लागून मिरवणुकींचा गुलाल वाऱ्यावर उडून जाईपर्यंत ती हत्यारे सरकारी कुलपात पडून राहतात. पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील जव्हार आणि मोखाडा हे दोन डोंगरी तालुकेही या शिरस्त्याला अपवाद नाहीत. परवाना देणारे जिल्हादंडाधिकारी पूर्वी ठाण्यास बसत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून ते दफ्तर पालघरास आले, एवढाच काय तो फरक.

अशा एखाद्या दिवशी ठाण्याच्या टेबलावर दोन रिव्हॉल्व्हरे शेजारी शेजारी पडली आहेत अशी वाचकाने क्षणभर कल्पना करावी. एक कोणा व्यापाऱ्याने जमा करण्यास आणलेले, कानपूरच्या सरकारी कारखान्यात घडलेले. दुसरे सरकारी साठ्यातले, आपल्याकडील पोलीस अधिकाऱ्यांच्या कमरेला पिढ्यान्‌पिढ्या लटकलेले जुने वेब्ली. माहीतगार नसलेल्या माणसाला ही जुळी भावंडे वाटावीत, आणि त्याचे फारसे चुकणारही नाही. कारण कानपूरच्या कारागिरांनी आपला नमुना वेब्लीवरूनच उचललेला आहे. दोन्हींची चक्री सहा घरांची. दोन्हींचा वरचा खटका दाबला की नळी बिजागरीवर पुढे झुकते आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. घोडा तोच, चाप तोच, दस्त्याचा घाटही थोड्याफार फरकाने तोच. भेद आहे तो नळीच्या भोकात. व्यापाऱ्याच्या हत्याराचे भोक .३२ बोअरचे, म्हणजे ढोबळमानाने इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतील बत्तीस, सरकारी हत्याराचे .३८ बोअरचे. मधले सहा शतांश पाहण्यास डोळा पुरा पडत नाही, परंतु हिंदुस्थानचा शस्त्रकायदा नेमका त्या सहा शतांशांवर उभा आहे.

पोलिसांचे पिस्तूल आणि नागरिकांचे पिस्तूल यांत अंतर काय, हा प्रश्न अन्य देशांत विचारला तर उत्तर यंत्राच्या बारीकसारीक अवयवांत सापडते. अमेरिकेत १९९४ ते २००४ ही दहा वर्षे असा कायदा होता, की सामान्य नागरिकाने विकत घेतलेल्या नव्या मॅगझिनमध्ये दहांहून अधिक गोळ्या मावू नयेत. पोलिसांसाठी मात्र मोठी मॅगझिने बनत, आणि ती केवळ शासकीय उपयोगासाठी आहेत असा ठसा त्यांवर उमटवलेला असे. याच्या उलट न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी स्वतःसाठी मुद्दाम अधिक जड चापाची पिस्तुले मागवली, ज्यांचा चाप ओढण्यास सुमारे १२ पौंडांचा जोर लागे. गडबडीत, घाबरलेल्या बोटाने, नकळत गोळी सुटू नये हा हेतू. म्हणजे पोलिसांचे हत्यार नेहमी अधिक चपळच असते असे नव्हे, काही वेळा ते जाणूनबुजून अधिक मंद केलेले असते. चित्रपटांनी आपल्या मनात रुजवलेल्या समजुतीला हा चांगलाच धक्का आहे.

आपल्याकडील पद्धत याहून निराळी आणि, माझ्या मते, अधिक धूर्त आहे. आपल्या सरकारने यंत्राला हात न लावता काडतुसाला हात घातला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली १९६२ साली जे नियम झाले त्यांनी हत्यारांचे वर्ग पाडले, आणि त्यांतील निषिद्ध वर्गाची व्याख्या करताना हत्यार कोणते यापेक्षा त्यात कोणते काडतूस बसते याला महत्त्व दिले. सैन्याच्या .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरच्या गोळ्या ज्या रायफलीत बसतील ती निषिद्ध; .३८० किंवा .४५५ चे सरकारी काडतूस वा सैनिकी ९ मिलिमीटरचे काडतूस ज्या पिस्तुलात भरून उडवता येईल ते निषिद्ध. अशा हत्याराचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्याच्या हाती नाही. त्यासाठी केंद्र सरकारचा हुकूम लागतो. उरलेली हत्यारे अनिषिद्ध, आणि त्यांतील पिस्तूल-रिव्हॉल्व्हरांत आपल्याकडे .३२ हेच माप मुख्यत्वे चालते. आजच्या पोलीस अधिकाऱ्याकडील ९ मिलिमीटरचे, ईशापूरच्या कारखान्याच्या परंपरेतले पिस्तूल तेरा गोळ्यांचे असते आणि त्याच्या गोळीचा आघात .३२ रिव्हॉल्व्हरच्या गोळीच्या साधारण तिप्पट भरतो. परंतु आघात कमी ठेवणे हा या भेदाचा मूळ उद्देश नव्हता. मूळ उद्देश असा, की सरकारी कोठारातून चोरीस गेलेले काडतूस खाजगी हत्यारात बसू नये, आणि बाजारात मिळणाऱ्या काडतुसावर लुटलेली सरकारी बंदूक चालू नये. दोन कुलपे अशी घडवायची, की एकाची किल्ली दुसऱ्यास लागता कामा नये.

ही युक्ती स्वतंत्र भारताची नव्हे. ती आपल्याला वारशात मिळाली आहे, आणि तिचा उगम शोधावयाचा तर १८५७ पर्यंत मागे जावे लागते. त्या उठावापूर्वी देशी पलटणींना दिल्या जाऊ लागलेल्या एन्फील्ड बंदुकीच्या नळीत आतून पिळदार खाचा असत. त्या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सुटे आणि लांबवर नेमकी लागे. उठाव मोडल्यावर साहेबाने पहिला धडा घेतला तो हा, की देशी शिपायाच्या हाती यापुढे बंदूक तशीच दिसणारी, पण आतून गुळगुळीत नळीची द्यावयाची. गोऱ्या सोल्जराची गोळी फिरत जाई. काळ्या शिपायाची गोळी भरकटत जाई. पुढे १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा आला आणि हत्यार बाळगण्यास परवाना हवा असे ठरले. पण गोऱ्यांना त्यातून मुभा होती. तरीही मापाचा हा फास कधीकधी साहेबाच्याही गळ्यात पडे. वायव्य सरहद्दीवर टोळीवाल्यांच्या हाती गेलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना दारूगोळा मिळू नये म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० मापाची काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास मनाई झाली, तेव्हा वाघाच्या शिकारीची हौस असलेल्या साहेबांचीच पंचाईत झाली, आणि लंडनच्या बंदूकवाल्यांना .४७० वगैरे नवी मापे जन्मास घालावी लागली.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात या इतिहासाला आणखी एक पदर होता. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत दरबारच्या अंमलाखालचे. तर शेजारचे मोखाडे हा इंग्रजी खालसा मुलुखातील ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्याचा पेठा. मोखाड्याच्या बाजूस १८७८ च्या कायद्याचा अंमल, जव्हारच्या बाजूस दरबारचा हुकूम; खुद्द संस्थानिकांना तर कायद्याच्या सवलतींच्या यादीतच जागा होती. त्याच डोंगराच्या पश्चिम उतारावर, डहाणू भागात, वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांचा जमाव तलवाड्यास जमला असता १० ऑक्टोबर १९४५ रोजी त्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसे मारली गेली. हत्यार कोणाजवळ असावे आणि कोणाजवळ नसावे हा या मुलुखात केवळ पुस्तकी प्रश्न राहिलेला नाही.

आता गंमत अशी, की नागरिकाला कमी प्रतीचे हत्यार आणि पोलिसाला पुऱ्या प्रतीचे, असे जे आपण गृहीत धरतो तेही इतिहासाला मान्य नाही. साहेबाच्या उतरंडीत पोलीस शिपाई सैनिकाच्या एक पायरी खालीच उभा होता. त्याच्यासाठी ईशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलीचा सांगाडा घेऊन त्यात .४१० मापाची गुळगुळीत नळी बसवली गेली, आणि जेथे गोळ्यांची पेटी असावयाची त्या पोकळीत चक्क लाकडाचा ठोकळा ठोकून ती बुजवली गेली, जेणेकरून शिपायाला एका वेळी एकच बार भरता यावा. तिचे काडतूसही मुद्दाम असे घडवले, की बाजारातले साधे .४१० चे छऱ्याचे काडतूस तिला चालू नये. पोलिसांनी तिला ‘मस्केट’ म्हटले, आणि तुरुंगांच्या दारांवर, खजिन्यांच्या पहाऱ्यांवर ती दशकानुदशके उभी राहिली. लांबून पाहणाऱ्याला रायफल दिसावी आणि हाती घेणाऱ्याला ती रायफल नाही हे कळावे, अशी ही वस्तू. आणि तरीही, १९६२ च्या नियमांत निषिद्ध वर्गाची यादी काढून पाहावी, तर ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाशेजारी मांडी घालून ही .४१० ची मस्केट बसलेली! साधी, एकबारी, गुळगुळीत नळीची. पण सरकारी काडतुसाची, म्हणून निषिद्ध.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत जे घडले त्यानंतर या जुन्या साठ्याची लाज सर्वांनाच वाटू लागली. स्वयंचलित रायफली घेऊन आलेल्यांसमोर आपले रक्षक जुनाट बंदुकांनिशी उभे होते, आणि गिरगाव चौपाटीवर हल्लेखोर कसाबला धरणारे तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर काठीच होती. त्यानंतर पोलिसांसाठी नव्या हत्यारांची खरेदी झाली आणि नव्या बनावटीची पिस्तुले आली. नागरिकांच्या नळीचे माप मात्र होते तेथेच राहिले.

माप वेगळे, तशी जबाबदारीही वेगळी. पोलीस अधिकाऱ्याला सरकारी पिस्तुलासाठी परवाना लागत नाही. कर्तव्यावर असलेल्या सरकारी नोकराला अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने सूट दिली आहे. मात्र त्याच अधिकाऱ्याला घरी स्वतःच्या मालकीचे रिव्हॉल्व्हर ठेवावयाचे झाले, तर त्यालाही व्यापाऱ्याप्रमाणे अर्ज करावा लागतो. सरकारी हत्यार त्याचे नव्हेच. ते शस्त्रागाराचे, तो ते नोंद करून घेतो, नोंद करून परत करतो, आणि एक गोळी कमी भरली तर कोठे, कोणावर, का, याचा लेखी जबाब देतो. चकमकीत मनुष्य मेला तर २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार त्याला ते हत्यार तपासणीसाठी स्वाधीन करावे लागते. अशा तपासणीत नळीतल्या पिळदार खाचाच साक्ष देतात, कारण प्रत्येक नळीचे ओरखडे गोळीवर निराळे उमटतात. गावठी कट्ट्याच्या गुळगुळीत नळीत ही साक्ष मुकी होते. खाजगी परवानाधारकावरील नियंत्रण कागदाचे असते: २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली आहे.

खरे सांगावयाचे, तर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पिस्तूल हा परकाच जिन्नस. येथल्या माणसाला बंदूक म्हटली की आठवते ती ठासणीची: नळीच्या तोंडातून दारू घालावयाची, चिंधी कोंबावयाची, छर्रे सोडावयाचे, गजाने ठासावयाचे, आणि नागली-वरईच्या शेतात शिरलेल्या रानडुकराची रात्रभर वाट पाहावयाची. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनाही तिची ओळख होती हे वाचून मला मौज वाटली. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो द्यावा असे १९५९ च्या अधिनियमाचे १३ वे कलम स्पष्ट शब्दांत सांगते, आणि इतर गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी नळी निदान २० इंच लांबीची असावी अशी अट घालते. २० इंचांची नळी अंगरख्याखाली लपत नाही. पिस्तुलाविषयी कायद्याच्या मनात जी भीती आहे तिचे मर्म या अटीत आहे. अर्थात परवाना पिकापुरता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, तेव्हा संस्थानी काळच्या शिकारी रायफलींचे दिवस सरले आणि ठासणीच्या बंदुकीचेही पाय बांधले गेले.

मापाची ही हौस नळीपाशी थांबत नाही. शस्त्रांच्या नियमांत धारदार हत्यारांचाही एक वर्ग आहे: तलवारी, खंजीर, भाले, आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या. पुढे मात्र एक अपवाद जोडला आहे, घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेली पाती वगळून. म्हणून आचारसंहितेच्या दिवसांत जव्हारच्या ठाण्यात एखादा गृहस्थ .३२ चे रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून पावतीची वाट पाहत बसलेला असतो, आणि दारावरून एखादा वारली कमरेच्या आकडीत हातभर कोयता अडकवून बाजाराच्या दिशेने निघून जातो, तेव्हा पहाऱ्यावरचा शिपाई मान वर करूनही पाहत नाही.