फुगीर फळीचा वाद

जुलै लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या घरांत फळ्यांची दारे चौकटीत अडकू लागतात. रंधा मारून दार मोकळे करावे, तर उन्हाळ्यात तिथेच फट पडते. लाकूड हवेतली वाफ शोषून फुगते, हे आपल्याला ठाऊक असते. पण दार रुंदीला वाढते, उंचीला नाही, हे सहसा ध्यानात येत नाही. तंतूंच्या दिशेने लाकूड जवळजवळ वाढतच नाही. आडव्या दिशेने मात्र त्याच्या दहापटींहून अधिक वाढते. लाकडाची हीच खोड पियानो बनवणाऱ्या काही कारागिरांनी कामाला लावली, आणि त्यावरून त्यांच्यात वादही आहे.

नुसत्या तारेचा आवाज क्षीण असतो, कारण बारीक तार पुरेशी हवा हलवू शकत नाही. म्हणून तार घोडीवरून नेतात आणि घोडी एका पातळ, रुंद फळीवर बसवतात. तार घोडीला हलवते, घोडी फळीला आणि फळी हवेला. तंबोऱ्यात हे काम तबली करते. पियानोत स्प्रूस लाकडाची, साधारण ८-९ मिलिमीटर जाडीची फळी करते.

ही फळी सपाट नसते, मध्यभागी किंचित फुगीर असते. असे का? घोडीवरून जाताना तार थोडी वाकते आणि घोडीला खाली दाबते. पियानोच्या दोनशेंहून अधिक तारांचा एकूण ताण १८ टन धरू. प्रत्येक तार १ अंशाने वाकत असेल, तर १ अंशाची ज्या ०.०१७५ असल्यामुळे एकूण दाब सुमारे ३१५ किलो होतो. पाच माणसे फळीवर उभी राहावीत तसा! फळी जाड केली तर हा भार पेलेल, पण हलणार नाही. कमान दिल्यास पातळ फळीही भार झेलते.

फुगवटा आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात फळीखालच्या आडपट्ट्याच कमानदार कापतात आणि फळी त्यांवर दाबून चिकटवतात. दुसऱ्यात फळी खूप सुकवून सरळ पट्ट्यांवर चिकटवतात. पट्ट्यांचे तंतू फळीच्या तंतूंना आडवे असतात. पुढे फळी ओलावा घेऊन पसरू पाहते, पट्ट्या तिला पसरू देत नाहीत, मग ती वर उचलली जाते.

दुसऱ्या मार्गाचे समर्थक म्हणतात, फळीतच ताठपणा येतो, पट्ट्या हलक्या चालतात, आवाज चटकन उमटतो. विरोधकांचे म्हणणे असे, की सतत दाबाखाली राहिलेले तंतू काही पावसाळ्यांनंतर कायमचे चेपतात. मग कोरड्या ऋतूत फुगवटा उतरतो, फळीला चिराही पडतात. तिसरा पक्ष म्हणतो, आवाज ठरतो तो फळीच्या वजनावर आणि ताठपणावर. फुगवटा केवळ भार सोसण्यासाठी. फुगवटा गेलेले काही जुने पियानो अजून गोड वाजतात, हा त्यांचा दाखला.

मिरजेच्या तंबोऱ्याची तबलीही बाहेरून फुगीर असते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे वाद्ये घडवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याला ताराच थोड्या, त्यामुळे भार पियानोहून कितीतरी कमी. पण पेच तोच: तबली जाड ठेवली तर नाद दबतो, फार पातळ केली तर ती कालांतराने बसते.

मग वाद मिटत का नाही? तो मिटवायला फुगवटा सोडून सर्व बाबतींत सारखी अशी दोन वाद्ये हवीत. पण लाकडाच्या दोन फळ्या कधी सारख्या नसतात, आणि फुगवटा बदलला की ताठपणाही बदलतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगाचा पहिला नियम इथे पाळणेच अवघड जाते.

वर्गात एवढे करता येईल. जाड पुठ्ठ्याची पट्टी दोन पुस्तकांवर सपाट ठेवा आणि मध्ये नाणी ठेवत जा. मग तीच पट्टी त्या पुस्तकांमध्ये कमानीसारखी अडकवून पुन्हा नाणी ठेवा. शेवटी पुस्तके जराशी दूर सरकवा. कमान कशाच्या आधारावर उभी होती, हे मुलांनाच सांगू द्या.