सावलीतल्या बागेत आधी ऊन मोजा

इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये आठ-दहा फुटांची पट्टी बहुतेक सोसायट्यांमध्ये असते. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे हौसेने गुलाब, मोगरा, जास्वंद लावले जातात. दिवाळीपर्यंत फांद्या लांबलचक आणि फिकट होतात, कळी काही धरत नाही. मग खत वाढते, पाणी वाढते आणि उरलेसुरले झाडही जाते. दोष मातीचा नसतो, माळ्याचा तर नाहीच. जागा न ओळखता झाड निवडलेले असते.

डोळा इथे हमखास फसवतो, कारण तो कमी उजेडाशी झटकन जुळवून घेतो. भर दुपारच्या थेट उन्हात प्रकाश सुमारे १ लाख लक्स असतो. वर आकाश मोकळे असलेल्या सावलीत तो १० ते २० हजारांवर येतो आणि दाट झाडीखाली किंवा खिडकीपासून दूर काही शेकड्यांवर. आपल्याला तिन्ही ठिकाणी ‘चांगला उजेड’ दिसतो. झाडाला दिसत नाही.

सावलीतही फरक आहे. आंब्याची पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि अतिलाल प्रकाश खाली झिरपू देतात. खालच्या झाडातील फायटोक्रोम हे रंगद्रव्य हे बदललेले प्रमाण ओळखते. ऊनप्रिय झाड मग फुले सोडून उंचीच्या मागे लागते. शिवाय आंब्याची मुळे पाणी ओढून घेतात ते वेगळेच. भिंतीच्या सावलीत रंगांचे प्रमाण फारसे बिघडत नाही. प्रकाशच एकूण कमी पडतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. इमारतीच्या उत्तरेची बाजू हिवाळाभर सावलीत असते. पण मार्चअखेरीपासून सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. डिसेंबरात ‘इथे ऊनच येत नाही’ म्हणून लावलेले नेचे मे महिन्यात करपतात ते यामुळे. तेव्हा सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता जागा पाहावी, आणि हे काम हिवाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा करावे. रोपे घ्यायला जायचे ते त्यानंतर.

सकाळचे तीन-चार तास ऊन मिळत असेल, तर सोनटक्का, हळद, पुदिना, नागवेल चांगली येते. थेट ऊन नाही पण उजेड भरपूर आहे, अशा जागी नेचे, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, पीस लिली, कॅलाथिया. सह्याद्रीच्या झाडीत वाढणारी पेव रोपवाटिकेत मिळाली तर जरूर घ्यावी. पावसाळ्यात तिला सुंदर पांढरी फुले येतात. उन्हाळ्यात ती कंदात दडते, म्हणून तिच्यापुढे बारमाही हिरवे काही हवे. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात स्नेक प्लँट तग धरतो, पण तग धरणे म्हणजे वाढणे नव्हे.

मांडणीसाठी कोकणातली सुपारीची बाग पाहावी. वर सुपारी, तिच्या खोडावर मिरीचा वेल, मध्ये केळी, जमिनीलगत हळद आणि अळू. सोसायटीच्या पट्टीतही भिंतीला मनी प्लँट चढवावा (आधारावर चढला की त्याची पाने मोठी होतात), पुढे सोनटक्का, त्यापुढे नेचे. पांढरट-पिवळ्या ठिपक्यांची पाने अंधारा कोपरा उजळतात खरी, पण त्यांत हरितद्रव्य कमी असल्याने त्यांना उजेड जास्त लागतो.

सावलीत माती उशिरा वाळते. रोज पाणी घालण्याची सवय तिथे मुळे कुजवते. बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणीही सावलीत आटत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाला तेवढे पुरते. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करून घासाव्यात, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. बाटलीत ठेवलेल्या मनी प्लँटलाही हाच नियम.

घरात रांगते मूल असेल तर आणखी एक काळजी. डायफेनबेकिया, अॅग्लोनिमा, सिंगोनियम, पीस लिली, मनी प्लँट ही सारी अळूच्या कुळातली. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू खाजते ते यांच्यामुळेच. म्हणून तर फतफत्यात चिंच पडते आणि ते नीट शिजवले जाते. कच्चे पान चावले की तोंडात आग होते, जीभ आणि ओठ सुजतात. डायफेनबेकियाचा त्रास विशेष. मुलाने पान चावलेच, तर तोंडातले तुकडे काढून तोंड धुवावे, थंड पाणी किंवा दूध घोट घोट पाजावे, उलटी करवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. गिळता येत नसेल, आवाज बसला असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. ही झाडे मुलांच्या हाताच्या वर ठेवावीत, छाटताना हातमोजे घालावेत आणि छाटलेले तुकडे अंगणात पडू देऊ नयेत.