डाखाचा थेंब आणि विमानाची सुरक्षितता

कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे या चारही बाजूंचे रस्ते शीळफाट्यावर एकत्र येतात. येथून डोंगर ओलांडून महाप्याला उतरले की औद्योगिक वसाहतीतील इलेक्ट्रॉनिक्स विभाग लागतो. त्यामुळे ‘सोल्डरिंग’ हा शब्द या परिसरातील तरुणांना नवा नाही. तथापि, हेच काम विमानासाठी किंवा उपग्रहासाठी करावयाचे झाल्यास त्याची कसोटी किती कठोर असते, याची कल्पना थोड्यांनाच असते.

तत्त्व जुनेच आहे. सोनार दागिन्याला डाख देतो, त्याचप्रमाणे येथे सर्किट बोर्डावर सुटे भाग सांधले जातात. त्यासाठी ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे यांचा मिश्रधातू वापरतात. तो १८३ अंश सेल्सियसला वितळतो आणि मधली लिबलिबीत अवस्था न येता एकदम घट्ट होतो. सांधा थिजत असताना हात किंचित हलला तरी तो कच्चा राहतो. तारेच्या टोकावर सोन्याचा मुलामा असेल तर तो आधी काढून टाकावा लागतो. कारण सोने डाखात मिसळले की सांधा ठिसूळ होतो. सोन्यामुळे काम बिघडावे, हे नवख्याला सहसा पटत नाही!

घरगुती उपकरणांतील शिशावर युरोपीय देशांनी १ जुलै २००६ पासून बंदी घातली. विमान व अवकाश क्षेत्रात मात्र शिसेयुक्त डाख अद्याप वापरात आहे. शुद्ध कथलाला कालांतराने केसासारखे बारीक तंतू फुटतात व त्यांतून शॉर्टसर्किट होऊ शकते, हे त्याचे कारण होय. साहजिकच कामगाराने टेबलाशी खाणेपिणे टाळणे, हात स्वच्छ धुणे आणि धूर ओढून घेणारी यंत्रणा चालू ठेवणे अत्यावश्यक ठरते.

जमिनीवर चाळीस अंशांत उभे असलेले विमान अकरा किलोमीटर उंचीवर उणे छप्पन्न अंशांच्या हवेत शिरते. प्रत्येक उड्डाणात सांधा आकुंचन-प्रसरण पावतो. २८ डिसेंबर २०१४ रोजी सुराबायाहून सिंगापूरला निघालेले एअर एशियाचे विमान समुद्रात कोसळून १६२ जण मृत्युमुखी पडले. शेपटीतील सुकाणूची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या उपकरणातील सांधा तडकला होता, असे इंडोनेशियाच्या चौकशीत आढळले. त्या उपकरणाचा बिघाड त्याच वर्षी तेवीस वेळा नोंदला गेला होता. केवळ त्यानेच विमान पडले असे नव्हे. बिघाडानंतर वैमानिकांना ते सावरता आले नाही. परंतु घटनाक्रमाचा आरंभ त्या सांध्यापासून झाला.

महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. मिग व सुखोई विमानांनंतर तेथे बांधलेल्या पहिल्या ‘तेजस मार्क १ ए’ने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. अशा उद्योगांना लागणारे हात घडविण्याची वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून जाते. विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण झालेल्यांना ‘इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम खुला आहे. त्यानंतर १९६१ च्या अधिनियमानुसार शिकाऊ उमेदवारी करता येते. मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांनी पालकांना एक गोष्ट अवश्य सांगावी : ‘जे-एसटीडी-००१’ या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र दोनच वर्षे ग्राह्य असते. वीस वर्षे अनुभव असलेल्या कारागिरालाही मुदत संपली की परीक्षकासमोर पुन्हा सांधे करून दाखवावे लागतात.