अस्थिबल आणि वयोमान

तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात पोती वाहणारे कामगार पाहिले, की ‘ज्याला एवढे श्रम घडतात त्याला निराळा व्यायाम कशाला?’ असा प्रश्न सहज मनात येतो. ‘माथा’ ह्या शब्दापासून बनलेला ‘माथाडी’ हा शब्द १९६९ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या नावातही आला. परंतु माथ्यावरील भाराने हाडे बळकट होतातच, असे मात्र म्हणता येत नाही.

अस्थी ही निर्जीव तुळई नव्हे. पडणाऱ्या भारानुसार तिची रचना बदलते, हा सिद्धान्त जर्मन शल्यविशारद युलिउस व्होल्फ ह्यांनी १८९२ मध्ये मांडला. तथापि हे परिवर्तन सर्व वयांत सारखे घडत नाही. वाढीच्या वयात धावण्याने व उड्या मारण्याने हाड जाड होते. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. बालपणी खेळ आरंभिलेल्यांत हा भेद अधिक आढळतो. तिशीच्या सुमारास अस्थिसंचय परमावधीस पोहोचतो. पुढील व्यायाम हा संचय मुख्यतः राखतो, फारसा वाढवीत नाही. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर झीज वेगावते. उतारवयात स्नायुबल व तोल सांभाळून पडणे टाळणे, हाच व्यायामाचा मोठा लाभ होय.

तात्पर्य, प्रौढपणी उचललेले पोते बालपणी न मिळालेल्या खेळाची भरपाई करीत नाही. उलट अतिभाराने मानेचे मणके झिजतात. म्हणून माथाडी कामगाराच्या मुलांना मैदान मिळणे, हा करमणुकीचा नव्हे, तर त्यांच्या उत्तरायुष्यातील अस्थिबलाचा प्रश्न आहे.