मांजर मधूनच लंगडतंय?

हिंगोली-वसमतकडच्या मांजरवाल्यांनो, सकाळी लंगडणारं मांजर दुपारी पत्र्यावर उडी मारतंय म्हणून दुर्लक्ष करू नका.

🐾 आधी पंजा उजेडात बघा. गादीत सराटा, कुसळ किंवा वळून रुतलेलं नख असू शकतं.
🐾 बोक्यांच्या भांडणातला चावा वरून बुजतो, आत पू होतो.
🐾 गुडघ्याची वाटी सरकली, तर चार पावलं पाय उचलून पुन्हा नीट चालतं.
🐾 उतारवयात संधिवात. पिल्लांत कॅलिसिव्हायरस, सोबत ताप.
🚨 मागचे पाय अचानक लुळे, गार पडले तर रक्ताची गुठळी असू शकते. तातडीने डॉक्टर गाठा.

डॉक्टरांना दाखवायला लंगडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. जवळ परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका; मांजराला ते विषच.