साध्य, साधन आणि रिअर अ‍ॅडमिरल तानाका

साध्य-साधन विवेकाचं एक उदाहरण बघू. जपानी नौदलातले रायझो तानाका. ग्वाडलकॅनाल बेट, ३० नोव्हेंबर १९४२ ची रात्र. तानाका आठ विनाशिका घेऊन निघाले होते, पण लढायला नव्हे. बेटावर उपाशी असलेल्या जपानी सैनिकांसाठी रसदीने भरलेली पिंपं किनाऱ्याजवळ पाण्यात सोडायची, एवढंच काम. वाटेत अमेरिकी ताफा आडवा आला. तानाकांच्या विनाशिकांनी पाणतीर सोडले. नॉर्दॅम्प्टन ही क्रूझर बुडाली, आणखी तीन क्रूझर जबर जायबंदी झाल्या. जपानची एकच विनाशिका, ताकानामी, गेली.

आता मला सांगा, विजय कुणाचा? शत्रूने पुढे तानाकांची वाखाणणी केली. पण पिंपं मात्र पोचली नाहीत, आणि वरिष्ठांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. उपाशी सैनिकाच्या बाजूने बघितलं तर त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

पण हाच प्रश्न वरिष्ठांनाही लागू होतो ना? हे बेट राखायचं कशासाठी? ते सोडून द्यावं, असं तानाका सांगत होते. डिसेंबरअखेर त्यांची उचलबांगडी झाली. समुद्रावरचं नेतृत्व पुन्हा मिळालं नाही. आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये जपानने ते बेट सोडलंच.