समीक्षकांनी झोडपलेला, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला 'फ्रेडी'

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला. 'क्वीन' या ब्रिटिश बँडच्या या गायकावरील 'बोहेमियन रॅप्सडी' हा चरित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रथम लंडनमध्ये झळकला, तेव्हा समीक्षकांनी त्याचे स्वागत थंडपणे केले. समीक्षणांची सरासरी काढणाऱ्या 'मेटाक्रिटिक' या संकेतस्थळावर त्याला शंभरपैकी अवघे ४९ गुण मिळाले. प्रेक्षकांचा कौल मात्र नेमका उलटा होता. सुमारे पाच कोटी डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात ९० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. फेब्रुवारी २०१९ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याने चार पुरस्कार पटकावले. त्या रात्री एवढे पुरस्कार दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाच्या वाट्याला आले नाहीत.

समीक्षक आणि प्रेक्षक यांचे पटत नाही, ही तक्रार जुनीच. परंतु येथे मतभेद केवळ आवडीनिवडीचा नव्हता. गाणी उत्तम आहेत आणि रामी मलेकने जीव ओतून काम केले आहे, हे चित्रपटाला नाके मुरडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मान्यच केले होते. त्यांचा आक्षेप होता तो फ्रेडीच्या आयुष्याची जी फेरमांडणी करण्यात आली, तिच्यावर.

चरित्रपटात काळाची थोडीफार ओढाताण होणारच. 'वुई विल रॉक यू' हे १९७७ सालचे गाणे येथे १९८० मध्ये, मिशी राखलेल्या फ्रेडीसमोर जन्माला येते. बँड ब्राझीलला प्रथम गेला १९८१ मध्ये. चित्रपटात तेथील जनसागर सत्तरच्या दशकातच गाऊ लागतो. एवढ्यावरून कोणी चित्रपट मोडीत काढणार नाही. मात्र पटकथेचा मुख्य कणाच ज्यावर उभा आहे, त्या दोन गोष्टींचे काय?

पहिली गोष्ट बँडच्या फुटीची. एकल अल्बमच्या मोहापायी फ्रेडी सहकाऱ्यांना सोडून जातो, एकाकी पडतो आणि १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' मैफलीपूर्वी क्षमा मागत परततो, असे चित्रपट सांगतो. वस्तुस्थिती अशी की, ढोलवादक रॉजर टेलर यांचा एकल अल्बम १९८१ मध्ये, तर गिटारवादक ब्रायन मे यांचा स्वतंत्र प्रकल्प १९८३ मध्ये, म्हणजे फ्रेडीच्या कितीतरी आधी आला होता. 'क्वीन'चा 'द वर्क्स' हा अल्बम १९८४ चा, आणि १९८५ च्या जानेवारीत रिओमध्ये व मे महिन्यात जपानमध्ये हे चौघे एकत्रच वाजवत होते. परतण्यासाठी कोणी गेलेलेच नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्याला एड्स असल्याचे फ्रेडी 'लाइव्ह एड'च्या तालमीत सहकाऱ्यांना सांगतो आणि मग वेम्बलीच्या मंचावर उभा राहतो, असे पडद्यावर दिसते. त्याचा जोडीदार जिम हटन याच्या आठवणींनुसार हे निदान १९८७ मधले आहे. आजार दोन वर्षे आधी आणल्यामुळे शेवटच्या मैफलीला करुण झळाळी मिळते, हे खरे. पण त्याच वेळी स्वैर जगणे, त्याची शिक्षा आणि पश्चात्ताप अशी एक साखळीही आपोआप तयार होते. आजाराची बातमी फ्रेडीने अखेरपर्यंत स्वतःजवळ ठेवली होती. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने जाहीर निवेदन दिले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. ज्याने इतक्या निग्रहाने गुप्तता राखली, त्याच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनी त्याच्या आजाराचा कथानकाची कळ म्हणून असा वापर व्हावा, हे अनेकांना खटकले.

फ्रेडीच्या समलैंगिकतेचे चित्रणही याच साखळीत अडकले. मेरी ऑस्टिनवरील त्याचे प्रेम उजेडात, घरगुती उबेत दिसते. पुरुषांचे जग मात्र अंधारे आणि त्याला वाट चुकवणारे. पॉल प्रेंटर हा त्याचा व्यवस्थापक तर सरळ खलनायकच केला आहे. प्रेंटरने १९८७ मध्ये फ्रेडीच्या खासगी गोष्टी वृत्तपत्राला विकल्या, तेव्हा त्याच्याविषयी कोणाला कणव वाटण्याचे कारण नाही. तरीही एका माणसाच्या सगळ्या चुकांचे खापर दुसऱ्यावर फोडले की पहिल्याचे मोठेपणही थोडे कमी होते.

ही मांडणी अशी का झाली, याचे उत्तर श्रेयनामावलीत सापडते. बँडचे व्यवस्थापक जिम बीच हे चित्रपटाचे एक निर्माते, आणि मे व टेलर संगीताच्या बाजूने निर्मितीत सहभागी. गाण्यांचे हक्क ज्यांच्याकडे, त्यांच्या संमतीशिवाय गायकाचा चरित्रपट उभा राहूच शकत नाही. गाण्यांविना तो पाहणार कोण? फ्रेडीच्या भूमिकेसाठी २०१० मध्ये साशा बॅरन कोहेन यांचे नाव जाहीर झाले होते. ते २०१३ मध्ये बाहेर पडले. आपल्याला फ्रेडीच्या खासगी आयुष्याचे धीट चित्रण हवे होते आणि बँडला ते नको होते, असे त्यांनी पुढे सांगितले. हयात असलेले सहकारी पडद्यावर समंजस, संसारी दिसतात आणि माफी मागतो तो दिवंगत मित्र, याकडे समीक्षकांनी बोट दाखवले ते याच कारणाने.

योगायोगाने तुलनेची संधी सात महिन्यांत मिळाली. 'बोहेमियन'चे दिग्दर्शक ब्रायन सिंगर यांना चित्रीकरण संपण्यापूर्वीच, डिसेंबर २०१७ मध्ये, काढून टाकण्यात आले होते. उरलेले काम डेक्स्टर फ्लेचर यांनी पूर्ण केले. याच फ्लेचर यांचा एल्टन जॉनवरील 'रॉकेटमॅन' मे २०१९ मध्ये आला. येथेही गायक स्वतः निर्मितीत होता. फरक एवढाच की तो हयात होता आणि आपले व्यसन, आपला हेकटपणा दाखवायला राजी होता. समीक्षकांनी या चित्रपटाला कितीतरी अधिक पसंती दिली. कमाई मात्र 'बोहेमियन'च्या चौथ्या हिश्श्याच्याही आत राहिली. (जॉन रीड हा व्यवस्थापक दोन्ही चित्रपटांत आहे, कारण प्रत्यक्षातही तो दोघांचा व्यवस्थापक होता. एकात सज्जन, दुसऱ्यात खलपुरुष!)

मग प्रेक्षक भुलले म्हणायचे का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अखेरची 'लाइव्ह एड' मैफल पडद्यावर जवळजवळ सलग उभी राहते, आणि तेथे पटकथेची काहीच मदत लागत नाही. इंग्लंडमधील एका विमानतळावर वेम्बलीचा मंच पुन्हा उभारून हा भाग सर्वांत आधी चित्रित झाला होता. आवाज बहुतांशी फ्रेडीचा, काही ठिकाणी मार्क मार्टेल या कॅनेडियन गायकाचा. ओठ, खांदे आणि नजर मलेकची. पाश्चात्त्य समीक्षकांना यात थोडी कसर वाटली. पार्श्वगायनावर पोसलेल्या भारतीय प्रेक्षकाला त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. अमेरिकेत तर पडद्यावर शब्द उमटवून, प्रेक्षकांना सोबत गाता येईल असे खास खेळही लावण्यात आले.

ऑस्करमध्ये सर्वाधिक चेष्टा झाली ती संकलनाच्या पुरस्काराची. बँड आणि रीड यांच्या पहिल्या भेटीचे, क्षणाक्षणाला तुकडे पडणारे दृश्य इंटरनेटवर हसण्याचा विषय झाले. संकलक जॉन ऑटमन यांनीही त्या दृश्याविषयी नंतर नापसंती व्यक्त केली. पण दोन दिग्दर्शकांच्या हातचे चित्रीकरण सांधून त्यातून चालणारा चित्रपट काढणे हे कामही सोपे नव्हते, आणि मतदारांनी बहुधा त्यालाच दाद दिली.

आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक गोष्ट बोचेल. पाचगणी चित्रपटात दिसतच नाही. फ्रेडी तेथे आठव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत राहिला, तेथेच पियानो शिकला, आणि शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँडही तेथलाच. चित्रपटातले पारशीपण वडिलांच्या सद्विचार, सद्वचन आणि सत्कृत्याच्या उपदेशापुरते येते. नाव बदलल्याचे मुलगा घरच्या मेजावर जाहीर करतो आणि वडील दुखावतात, असा एक प्रसंग आहे. 'मर्क्युरी' हे आडनाव त्याने १९७० च्या सुमारास घेतले खरे. पण 'फ्रेडी' तो त्याआधी कित्येक वर्षे पाचगणीतच झाला होता. शाळेतल्या मित्रांनी त्याला तशी हाक मारायला सुरुवात केली होती.